मौजेसाठी राखलेलं मातीचं छोटं धरण कसं सांभाळायचं

ज्यांच्या स्वतःच्या जागेत मातीचा भराव घालून केलेला तलाव आहे, पोहायला, होडी फिरवायला, गळ टाकून बसायला, किंवा ज्यांनी जागेसोबत तो आयता विकत घेतलाय आणि त्याचं पुढे करायचं काय हे कोणीच सांगितलं नाहीये, त्यांच्यासाठी लिहितोय. धरण नवीन कसं बांधायचं ते यात नाही, ते काम इंजिनिअरचं. असलेलं धरण नीट कसं ठेवायचं आणि त्याला काय करायचं नाही एवढंच.

आधी एक हिशोब करून बघा. तलाव १ हेक्टरचा आणि सरासरी खोली २ मीटर धरली तर पाणी होतं २० हजार घनमीटर, म्हणजे २ कोटी लिटर, वजनात २० हजार टन. हे सगळं एका मातीच्या ढिगाने अडवून धरलंय, आणि आपण रोज तलाव तलाव म्हणतो त्यामुळे ते धरण आहे हे हळूहळू डोक्यातून जातं.

शेतीच्या धरणात पाणी वर्षभरात खाली-वर होतं, सोडायला माणूस असतो, त्या निमित्ताने खालून पाणी सोडायची झडप हलते, पाण्याखालची बाजू उघडी पडते आणि काय झिजलंय ते दिसतं. मौजेच्या धरणात मालकाला पाणी बाराही महिने काठोकाठ हवं असतं, मग सांडव्याला, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायच्या वाटेला, कायम पाणी टेकलेलं, झडपेला वर्षानुवर्षं कोणाचा हात नाही, आणि भरावात पाणी मुरायला भरपूर वेळ. त्यात दरवर्षी नवीन काहीतरी सुचतं, इथे सावलीला झाड लावू, तिथे डेक करू, मासे वाहून जातायत तर जाळी लावू, पाणी अजून फूटभर वाढवू. मला अशा धरणांबद्दल सगळ्यात जास्त भीती याच गोष्टींची वाटते, कारण प्रत्येक बदल छोटा असतो, दिसायला छान असतो, आणि बहुतेक वेळा तो धरणाच्या सुरक्षिततेतून थोडं काढून घेऊनच केलेला असतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामधलं साउथ फोर्क धरण. मातीचंच, उंची साधारण ७२ फूट, मुळात कालव्याला पाणी पुरवायला बांधलेलं, आणि १८७९ मध्ये ते श्रीमंत लोकांच्या एका मासेमारी-शिकार क्लबकडे आलं. खालून पाणी सोडायचे लोखंडी पाइप त्याआधीच्या मालकाच्या काळात काढून भंगारात विकले गेले होते, ते क्लबने परत बसवले नाहीत. वरून घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा कापून खाली आणला. तलावात सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. ३१ मे १८८९ ला जोरदार पाऊस झाला, जाळ्यांत काटक्या-ओंडके अडकले, सांडव्यातून पाणी पुरेसं जाईना, खालून सोडायला सोय नाही आणि माथा आधीच खाली आलेला, पाणी वरून गेलं आणि भराव फुटला. १४ मैल खाली जॉन्सटाउन होतं, २२०० हून जास्त माणसं गेली. पाइप, माथा, जाळी, तिन्ही गोष्टी आजच्या छोट्या खाजगी धरणांवर जशाच्या तशा बघायला मिळतात.

सांडवा, सगळ्यात आधी सांडवा

मातीच्या भरावावरून पाणी वाहू लागलं की तो टिकत नाही. काँक्रीटचं धरण थोडा वेळ सहन करेल, माती नाही करत, पाणी कोरड्या बाजूवरून खाली धावतं, गवत उचकटतं, पायथ्यापासून वर खात येतं आणि एकदा माथ्यापर्यंत खाच पोचली की मग काही करता येत नाही. म्हणून पूर आला की पाण्याला जायला एकच वाट पाहिजे ती म्हणजे सांडवा, आणि तो पूर्ण मोकळा पाहिजे.

आता लोक काय करतात, पाणी वाढवायला सांडव्याच्या तोंडाशी फळ्या नाहीतर वाळूच्या पिशव्या लावतात. यातलं गणित समजून घ्या. सांडव्यावरून किती पाणी जाणार हे त्याच्या रुंदीवर आणि वरून वाहणाऱ्या पाण्याच्या खोलीवर ठरतं, पण खोलीचा परिणाम सरळ प्रमाणात नसतो, दीडाव्या घाताने असतो. समजा पुरात सांडव्यावरून ४ फूट खोल पाणी जाईल एवढी जागा होती आणि तुम्ही २ फुटांच्या फळ्या लावल्या, तर वाटेल की क्षमता निम्मी झाली, प्रत्यक्षात ती जेमतेम ३५ टक्के उरते. फळ्या पुराच्या वेळी काढू असं म्हणणारे खूप असतात, पण पूर रात्री येतो, फळ्या फुगून खाचेत घट्ट बसलेल्या असतात आणि तेव्हा तिथे उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ. तर फळ्या नकोतच.

माशांच्या जाळीचंही तेच. मासे गेले तर जाऊ द्या, परत सोडता येतील. अगदीच अडवायचे असतील तर इंजिनिअरला विचारून लांब लांब उभ्या गजांची, तिरकी, सांडव्यापेक्षा बरीच मोठी चौकट तोंडापासून पुढे बसवून घ्या, जी कचऱ्याने अर्धी भरली तरी पाणी जाईल, आणि पावसाच्या दिवसांत ती रोज साफ करायची तयारी ठेवा. बारीक जाळी सांडव्यात कधीच नको. सांडव्यावर बुटका पूल बांधतात फोटोसाठी, त्यातही ओंडके अडकतात, पूल बांधायचाच तर उंच आणि मधे खांब नसलेला.

सांडवा बुजवायचा तर विचारही नको. हवाईमधल्या कवाई बेटावर का लोको नावाचं जुनं मातीचं धरण खाजगी मालकीचं होतं, १४ मार्च २००६ ला ते कित्येक आठवड्यांच्या पावसानंतर फुटलं आणि ७ जण वाहून गेले. सांडवा भराव टाकून बुजवला गेला होता असं चौकशीत पुढे आलं. वर्षातले बहुतेक दिवस सांडवा कोरडा, सपाट, गवताळ असतो, त्यामुळे ही तर फुकट पडलेली जागा आहे असं वाटून लोक तिथे गाड्या लावतात, तंबूचा चौथरा करतात, लाकडं रचतात. जे काही ठेवाल ते पुरात वाहून खाली जाईल किंवा अडकून पाणी तुंबवेल.

पावसाळ्याआधी सांडव्यातून शेवटपर्यंत चालत जा, जिथे तो खालच्या ओढ्याला मिळतो तिथपर्यंत. शेवटी खड्डा पडलाय का, खड्डा मागे सरकत भरावाकडे येतोय का ते बघा, कारण सांडव्याची झीज खालून वर येते. झुडपं काढा, गवत ठेवा. आणि धरणाचा माथा सगळीकडे सारख्या उंचीचा आहे का ते तपासा, पारदर्शक नळीत पाणी भरून घेतलं की त्यावरूनही लेव्हल कळते. माथा वर्षानुवर्षांत मधे दबतो, गाड्यांच्या चाकांनी खोलगट होतो, आणि पुराचं पाणी बरोबर तीच जागा शोधतं. चाकोऱ्या भरून, चोपून, वरून परत गवत लावा, माथ्याला पाण्याच्या बाजूला किंचित उतार ठेवा म्हणजे पावसाचं पाणी कोरड्या बाजूला घळी पाडणार नाही.

कोरडी बाजू चालत बघायची

तलावावर आलेला माणूस पाण्याकडे तोंड करून बसतो, त्यामुळे धरणाची पाठ कोणी बघतच नाही, आणि बिघाड बहुतेक तिथेच आधी दिसतो. महिन्यातून एकदा तरी आणि मोठ्या पावसानंतर लगेच कोरड्या उतारावरून आडवं चालायचं, एक फेरी माथ्याजवळून, मग थोडं खालून, मग पायथ्यावरून, असं करत सगळा उतार पायाखाली यायला पाहिजे. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन तिरकं असताना गेलात तर फुगवटे आणि खळगे सावलीमुळे चटकन दिसतात. त्यासाठी गवत छोटं पाहिजे, साधारण वीतभर, गुडघ्याएवढ्या गवतात काही कळत नाही.

काय बघायचं तर पाणी कुठे येतंय. मातीच्या प्रत्येक धरणातून थोडं पाणी पाझरतं, त्याला घाबरायचं कारण नाही. पायथ्याशी ओल असेल, लव्हाळा किंवा पाणकणीस वाढलेलं असेल, पाणी नितळ असेल आणि वर्षानुवर्षं तेवढंच असेल तर नोंद ठेवा आणि लक्ष ठेवा. काळजीच्या गोष्टी तीन, पाणी गढूळ यायला लागलं, किंवा तलावाची पातळी तीच असताना पाझर वाढला, किंवा जिथे कधी ओल नव्हती तिथे नवीन ओल दिसली, विशेषतः पायथ्यापेक्षा वर, उताराच्या मध्यावर. गढूळ पाणी म्हणजे ते आतली माती घेऊन येतंय. माती कोरड्या बाजूने बाहेर पडते आणि पोकळी आत आत पाण्याकडे वाढत जाते, इंजिनिअर लोक याला पायपिंग म्हणतात कारण शेवटी आरपार नळीच तयार होते.

मोजायला फार काही लागत नाही. पाझराचं पाणी एका छोट्या चरात गोळा करा, चराच्या तोंडाला पाइपचा तुकडा बसवा, खाली बादली धरा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि मिनिटाला किती लिटर ते वहीत लिहा, सोबत तारीख, तलावाची पातळी आणि पाऊस होता की नाही. पातळीसाठी पाण्यात एक खुणा केलेली पट्टी पक्की रोवून घ्या. गढूळ आहे की नाही यावर घरात वाद होत असेल तर पाणी काचेच्या बाटलीत भरून रात्रभर ठेवा, तळाशी माती बसली की वाद संपला. वर्षा-दोन वर्षांची अशी वही असेल ना तर तपासायला आलेल्या इंजिनिअरला तिचा जेवढा उपयोग होतो तेवढा दुसऱ्या कशाचा होत नाही, म्हणून आळस करू नका.

वेग किती असतो ते कळायला टीटन धरण आठवा, अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातलं, सरकारी, ३०५ फूट उंच, नवं कोरं, पहिल्यांदाच भरत होते. ५ जून १९७६ ला सकाळी गढूळ गळती दिसली, बुलडोझर आणून भोक बुजवायचा प्रयत्न झाला, आणि दुपारी १२ च्या आत धरण फुटलं. छोट्या धरणाकडे तर तेवढाही वेळ असेल असं धरू नये.

आणि उंची कमी म्हणून निवांत राहू नका. १५ मीटरच्या वरच्या धरणांना जगभर मोठी धरणं म्हणतात, त्यांच्यावर सरकारी लक्ष जास्त असतं, त्याखालची बरीचशी कोणी नियमित तपासतच नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं केली बार्न्स धरण १५ मीटरपेक्षा कमीच होतं, आधी तिथे वीज व्हायची, ती थांबल्यावर तलाव नुसता मौजेसाठी उरला. ६ नोव्हेंबर १९७७ ला पहाटे, पावसानंतर, ते फुटलं आणि खालच्या कॉलेजच्या आवारातली ३९ माणसं गेली. तपासात एकच एक कारण ठरवता आलं नाही, पण कोरडा उतार फार उभा होता आणि तो घसरणं व आतून माती वाहून जाणं हे दोन्ही मिळून झालं असावं असं मत पडलं.

झाडं आणि बिळं

भरावावर झाडं नकोत, सावलीसाठी नको, फळांसाठी नको, हौसेने लावलेलं एकही नको. मुळं पाण्याच्या शोधात भरावात खोल जातात, वादळात झाड उन्मळलं तर मुळांसकट मोठा घास मातीचा निघतो, आणि झाड मेलं तर मुळं कुजून आत पोकळ वाटा उरतात, त्या पाण्याला आयत्याच. पायथ्यापासूनही ७-८ मीटर पट्टा मोकळा ठेवा. रोपं हातभर असतानाच उपटा. पण आधीच मोठं झालेलं झाड असेल तर उत्साहात तोडून टाकू नका, तोडल्यावर मुळं कुजायला लागतील आणि धोका उलट वाढेल, तलाव उतरवून, इंजिनिअर बघत असताना बुंधा-मुळं काढून तो खड्डा थराथराने चोपून भरावा लागतो. सावली हवी तर तलावाच्या बाकीच्या काठांवर लावा की, जागा भरपूर असते.

बिळांचं थोडक्यात, उंदीर-घुशी, खेकडे, रानातले इतर बीळ करणारे प्राणी, कोणाचंही बीळ दिसलं की ते कुठवर गेलंय बघून घट्ट मातीने चोपून बुजवा, खोल असेल तर चिकणमातीचा पातळ गारा ओतून भरतात. प्राण्यांना हाकलताना तुमच्याकडचे वन्यजीव कायदे बघा. गवत छोटं ठेवलं की बरेचसे फिरकत नाहीत.

खालचा पाइप

तलाव रिकामा करता येत नसेल तर संकटाच्या वेळी तुमच्या हातात काही नाही. म्हणून खालची झडप वर्षातून एकदा तरी पूर्ण उघडून बंद करा, वर्षानुवर्षं न हललेली झडप असेल तर मात्र आधी जाणत्या माणसाला दाखवा, कारण उघडली आणि बंदच झाली नाही असंही होतं. झडप पाइपच्या पाण्याकडच्या टोकाला असणं चांगलं, नाहीतर भरावाच्या पोटातला अख्खा पाइप कायम दाबाखाली राहतो आणि एखादा सांधा सुटला तर पाणी थेट मातीत. पत्र्याचे पाइप गंजतात, त्यामुळे काही वर्षांनी आत कॅमेरा सोडून बघून घ्या, आणि पाइप बाहेर पडतो तिथे त्याच्या बाहेरच्या अंगाने पाणी येतंय का हे प्रत्येक फेरीत बघा, ती जागा मातीच्या धरणात कायमची कमजोर असते. याच कारणाने भरावातून नवीन पाइप, लाइटची केबल, कारंज्याची लाइन असलं काही खोदून न्यायचं नाही. जुनी झडप निकामीच असेल तर माथ्यावरून सायफन, म्हणजे वर चढून पलीकडे उतरणारा पाण्याने भरलेला पाइप, टाकून पाणी काढता येतं, फक्त त्यात पाणी वर चढायची उंची व्यवहारात ५ मीटरच्या आसपासच धरा.

तलाव उतरवताना घाई नको. दिवसाला साधारण १ फूट या वेगाने उतरवतात, कारण पाणी भरभर गेलं तर भिजलेल्या मातीला बाहेरून टेकू राहत नाही आणि पाण्याकडचा उतार घसरतो. जीव वाचवायची वेळ आली तर गोष्ट वेगळी, ते शक्यतो इंजिनिअरशी बोलून ठरवा.

पोहणं, होड्या, डेक

पातळी कायम एकच असल्याने लाटा वर्षभर त्याच रेषेवर आपटतात आणि पाण्याकडच्या उताराला पायरी पडते, वरची माती अधांतरी होऊन गळून पडते. मोटरबोटीमुळे हे अजून जोरात होतं, म्हणून भरावाजवळ मोटर बंद, वल्ह्यानेच. पिचिंग, म्हणजे उतारावर दगडांचं अस्तर, करायचं तर कोपरे असलेले फोडलेले दगड घ्या, नदीतले गोल गोटे घरंगळतात, आणि दगडांखाली खडी-वाळूचा थर किंवा जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड, हवंच, नाहीतर फटींतून माती निघून जाते.

डेक, जेट्टी, घसरगुंडी, शेकोटीची जागा, सगळं तलावाच्या नैसर्गिक काठावर करा, भरावावर खांब रोवू नका. लोक भरावावरून पाण्यात उतरत असतील तर त्यांच्या पायवाटेची घळ होते, तिथे दगडी पायऱ्या करून द्या किंवा वाट दुसरीकडे वळवा. सायकल-मोटारसायकल उतारावर अजिबात नको.

पोहणाऱ्यांसाठी खालच्या पाइपचं तोंड कुठे आहे ते तरंगत्या खुणांनी वेढून बंद ठेवा, झडप उघडी असताना त्या ओढीत हात-पाय अडकला तर दाबामुळे माणूस सुटत नाही. पाण्यात कोणी असेल तेव्हा झडपेला कुलूप. सूर मारायला बंदी, कारण मातीच्या तलावात तळ गाळाने बदलत राहतो. मुलांना होडीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसवू नका आणि दोर बांधलेलं ट्यूब काठावर हाताला येईल असं टांगून ठेवा. पाणी डब्यातल्या हिरव्या पेंटसारखं दाट दिसायला लागलं तर ते विषारी शेवाळ असू शकतं, तेव्हा माणसं आणि कुत्री दोघांना बाहेर ठेवा.

काही वेगळं दिसलं तर

माथ्यावर भेग दिसली तर ती लांबीने जातेय की आडवी ते बघा. लांबीने म्हणजे उतार घसरू शकतो, आडवी म्हणजे पाण्याकडून कोरड्या बाजूला वाट, ती जास्त वाईट. दोन्ही टोकांना खुंट्या मारा, रुंदी-लांबी लिहा, फोटो काढा, वरून प्लॅस्टिक टाका म्हणजे पाऊस आत जाणार नाही, पातळी सावकाश उतरवायला घ्या आणि इंजिनिअरला बोलवा.

पायथ्याशी पाणी बुडबुडत वर येतंय आणि भोवती वाळूचं कडं जमतंय असं दिसलं तर चिखलाने, मातीने किंवा पोत्यांनी ते भोक बंद करू नका, दाब आत वाढून पाणी दुसरीकडून फुटेल. भोवती वाळूच्या पोत्यांचं कडं रचा, आत पाणी चढू द्या, पाणी नितळ येईपर्यंत कडं वाढवा, त्याहून उंच नको. आत आधी जाडसर वाळू, वर खडी टाकली तर पाणी बाहेर येतं आणि माती आत अडते. हे तात्पुरतं आहे, आणि धरण सुरक्षित आहे असं वाटलं तरच तिथे जायचं. पाणी गढूळ आणि वाढतं असेल, किंवा उतार सरकताना दिसत असेल, तर पोत्यांच्या नादाला न लागता सगळ्यांनी बाजूच्या उंच जागेवर जायचं. पाणी मोकळं करायला भराव स्वतःहून कापायचा तर कधीच नाही.

यासाठी आधीच एक काम करून ठेवा, धरणापासून ओढ्याच्या कडेने खाली चालत जा आणि कोणाचं घर, गोठा, रस्त्याची मोरी, तंबू टाकायची जागा पाण्याच्या वाटेत येते ते लिहून काढा. त्या लोकांना भेटा, वर धरण आहे हे सांगा, नंबर घ्या, आणि रात्री फोन आला तर कुठल्या बाजूला वर चढायचं हेही ठरवा. ती यादी, पोलीस-अग्निशामक दलाचे नंबर, धरण सुरक्षेचं जे कार्यालय तुमच्या भागात असेल त्याचा नंबर, सगळं एका कागदावर, प्लॅस्टिकमध्ये घालून बोटहाउसच्या दारावर आणि घरात. दरवर्षी नंबर तपासा. जागा बघायला ठेवलेल्या माणसाला तो कागद वाचून दाखवा आणि स्पष्ट सांगून ठेवा की गढूळ पाणी दिसलं तर मालकाला विचारत बसायचं नाही, आधी खालच्या घरांना फोन करायचा, मग मला.